तांड्याची गति
मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालीं स्थापन झाला. अशा क्लबाच्या शिडाच्या नौका तांड्यानें कोंकण किनाऱ्यास निघावयाच्या, तर मुक्काम कोणाच्या वेगावर आंखावयाचे? सर्वांत मंद नौकेच्या. कारण अंधारांत अनोळखी खाडींत शिरण्याचा प्रसंग तिच्यावरच येतो.

हिवाळ्यांत पहांटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारीं वायव्येचा खारा वारा. म्हणून नांगर पहांटेच उचलावा. पहिला मुक्काम दिघीजवळ राजपुरीच्या खाडींत. तेथून शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड मंद नौकेस दिवसाउजेडीं गांठवत नाहीं. मधें हर्णैस थांबावें. परतीस तोच वायव्य वारा तोंडावर येतो, यास्तव दिवस अधिक धरावे.

नांगर टाकतांना खोली भरतीची मोजावी व दोर तिच्या सुमारें सातपट सोडावा. प्रवाह फिरला कीं नौकाहि नांगराभोंवतीं फिरते. तेवढें अंतर दोन नौकांत नसेल, तर रात्रीं टक्कर होते.

पुढें जाणाऱ्याचें कौतुक शर्यतींत शोभतें. तांड्याच्या प्रमुखानें दिवेलागणीस एवढेंच मोजावें, कीं नांगर सर्वांचे पडले कीं नाहींत.