दोन आकड्यांचा पत्ता

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताशी शेवटचा संबंध दहावीच्या परीक्षेत आला. त्यामुळे मी रोज सकाळी तासभर गणिताची चित्रं करतो असं म्हटलं की ओळखीची माणसं आधी हसतात, मग विचारतात, "चित्रं तुम्ही काढता की कॉम्प्युटर?" प्रश्न चोख आहे. पण उत्तर देण्यापूर्वी ही चित्रं होतात कशी ते सांगायला हवं. त्यांना फ्रॅक्टल म्हणतात.

एक संख्या मनात धरा. शून्यापासून सुरुवात करायची. हाती असेल त्याचा वर्ग करायचा आणि त्यात मनातली संख्या मिळवायची. आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच संख्या मिळवायची. मनात १ धरला तर १, २, ५, २६, ६७७ असं ते प्रकरण उधळतं. उणे १ धरला तर उणे १, शून्य, उणे १, शून्य असे हेलपाटे घालत घरातच राहतं. कागदावरच्या प्रत्येक बिंदूला एक आडवा आणि एक उभा असे दोन आकडे असतात. त्या जोडीलाही हाच हिशेब लावता येतो. घरात राहणाऱ्या बिंदूंना काळा रंग द्यायचा. उधळणाऱ्यांना, किती फेऱ्यांत उधळले ते पाहून निरनिराळे रंग. सूत्र एवढंच. चित्र मात्र संपत नाही. मधला काळा आकार एखाद्या भुंग्यासारखा दिसतो. त्याच्या काठाचा तुकडा मोठा करत गेलं की भोवरे, विजेच्या फांद्या, समुद्रघोड्यांच्या शेपट्या दिसू लागतात, आणि खूप आत गेल्यावर अचानक तोच भुंगा, मोहरीएवढा.

हा आकार बेन्वा मांडेलब्रॉट या गणितज्ञाच्या नावानं ओळखला जातो. १९८० साली आयबीएम कंपनीत काम करताना त्यांनी तो संगणकावर काढून पाहिला. फ्रॅक्टल हा शब्दही त्यांचाच, १९७५ सालचा. त्याआधी, १९६७ साली, त्यांनी एका लेखात साधा प्रश्न विचारला होता : ब्रिटनचा किनारा किती लांब? उत्तर असं की मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब. आम्हा कोकणातल्या माणसांना हे पटायला वेळ लागत नाही. भारताचा किनारा आपण शाळेत सुमारे ७,५१६ किलोमीटर असा पाठ केला. अलीकडे अधिक बारकाईच्या नकाशांवरून, खाड्या आणि खाचाखोचा धरून मोजला, तर तो ११,०९८ किलोमीटरांवर गेला. जमीन वाढली नाही, नजर बारीक झाली.

काही जण माझं नाव ऐकून लगेच मशिदीच्या दगडी जाळीची आठवण काढतात. जाळी मलाही प्रिय आहे, पण तिच्यात तीच नक्षी त्याच मापात पुन्हा पुन्हा येते. इथे ती लहान होत होत येते आणि दर वेळी थोडी बदलून येते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

तर, काढतो कोण? हिशेब यंत्राचा. थांबायचं कुठे, चौकटीत काय घ्यायचं, कुठल्या रंगाला रजा द्यायची, हे माझं. यंत्राला मोकळं सोडलं तर ते लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई करून ठेवतं. दहातली नऊ चित्रं मी पुसून टाकतो. फार खोल जाऊ पाहिलं तर पंधरा-सोळा अंकांनंतर माझ्या साध्या प्रोग्रामचे आकडे संपतात आणि चित्राचे ठोकळे होतात. सूत्राला त्याचं काही नसतं, ते पुढे चालूच असतं.

कॉम्प्युटर घराच्या मधल्या खोलीत आहे. मासेवाली दारात येते, टाकी भरून वाहू लागते, बायको आतून विचारते, "गॅसचा नंबर लावलात का?" अशा वेळी कविता तुटली की तुटली, परत यावं तर ओळ गेलेली असते. इथे दोन आकडे आणि किती पट मोठं केलं ते लिहून उठायचं. उणे ०.७५ आणि ०.१ या पत्त्याजवळ समुद्रघोड्यांची दरी आहे. उद्या गेलो तरी ती तिथेच असेल, तुम्ही गेलात तरी असेल.

हे पत्ते मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांपासून लिहितो. आई त्या वेळी चहा घेऊन शेजारच्या खुर्चीत बसलेली असते. ती आता बरंच विसरते. मला कधी मी, कधी तिचा भाऊ समजते. चित्र दाखवलं की मात्र थबकून बघते आणि काहीतरी नाव सांगते. "ओहोटीची खाडी." "कापलेला फणस." एकदा म्हणाली, "नणंदेच्या शालूचा काठ." तो शालू मी पाहिलेला नाही, त्या आत्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी तेच आकडे घालून तेच चित्र तिच्यापुढे ठेवलं. चित्र तंतोतंत आलं. आई म्हणाली, "धूर."

तेव्हापासून वहीत आकड्यांपुढे तिनं दिलेलं नाव आणि तारीख लिहितो. एकेका पत्त्यापुढे तीन-तीन, चार-चार नावं झाली आहेत. हल्ली काही सकाळी ती बघते, पण बोलत नाही. त्या दिवशी आकडे आणि तारीख लिहून पुढची जागा मोकळी सोडतो, आणि तिचा चहा गार झाला असेल तर गरम करून आणतो.