उलटतपासणी

‘क्रॉस-एक्झामिनेशन’ हा शब्द कोर्टाच्या आवारांतून केव्हांच बाहेर पडला आहे. घरीं उशिरा आलेल्या मुलास चार प्रश्न विचारले, कीं तो म्हणतो, “बाबा, माझी उलटतपासणी कशाला घेतां?” येथें शब्दाचा अर्थ दरडावणी एवढाच उरतो. मूळ अर्थ निराळा आहे.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं तयार केला. त्यांत साक्षीचे तीन टप्पे आहेत. साक्षीदारास बोलावणारा पक्ष प्रथम प्रश्न विचारतो, ती सरतपासणी. नंतर विरुद्ध पक्ष विचारतो, ती उलटतपासणी. आणि पुन्हां पहिला पक्ष विचारतो, ती फेरतपासणी. ‘उलट’ म्हणजे विरुद्ध बाजूनें, इतकेंच. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ यानें घेतली. तरी ही रचना कायम आहे.

अशा तपासणीची गरज काय? प्रामाणिक मनुष्याचीही नजर चुकते, स्मरण दगा देतें. रात्रीं पळणारा इसम आपण ओळखला, असें साक्षीदार सांगतो. तेव्हां दिवा कोठें होता, अंतर किती होतें, तो पाठमोरा होता काय, हें विचारल्यावांचून कोणास तुरुंगांत धाडणें अन्यायाचें होईल. “दिवा विझलेला होता ना?” असा उत्तर सुचविणारा प्रश्न सरतपासणींत सामान्यतः चालत नाहीं, उलटतपासणींत चालतो. कारण आपल्याच साक्षीदाराच्या तोंडीं उत्तर घालणें सोपें असतें. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार तें सहसा मान्य करीत नाहीं.

परंतु या अधिकारास मर्यादा आहे. अपमान करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूनें विचारलेला प्रश्न न्यायालयानें रोखलाच पाहिजे. प्रश्न योग्य असूनही त्याची भाषा विनाकारण बोचक असेल, तर तोही. बलात्काराच्या खटल्यांत संमति सिद्ध करण्यासाठीं पीडितेच्या चारित्र्याविषयीं वा पूर्वीच्या संबंधांविषयीं प्रश्न विचारण्यास २०१३ च्या दुरुस्तीनें स्पष्ट मनाई केली.

साक्षीच्या पिंजऱ्याच्या भीतीनें कित्येक सज्जन डोळ्यांदेखत घडलेलें सांगावयास पुढें येत नाहींत. त्यांनीं एवढें ध्यानीं धरावें: प्रश्न समजला नाहीं, तर पुन्हां विचारण्यास सांगावें, आठवत नसेल, तर तसें म्हणावें, आणि प्रश्न अपमानाचा वाटला, तर न्यायाधीशांना तसें विनयानें सांगावें.