सेहेचाळीस मुलं, तीन वर्ग
(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'मुलांच्या शाळा' या विषयावर दहा मिनिटं बोल, असं कमिटीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो मी कॉम्प्युटर इंजिनियर, शिक्षणतज्ज्ञ नाही. पण आपल्यातली बहुतेक मंडळी शहरात राहतात आणि आम्ही पडलो खेड्यात. त्यामुळे आमच्या शाळेची गोष्ट तुम्हाला थोडी वेगळी वाटेल.

शाळेत मुलं सेहेचाळीस. संपूर्ण शाळेत! रिसेप्शन ते इयत्ता सहा अशा सात इयत्ता आणि वर्ग तीन. मुख्याध्यापिका अर्धा आठवडा स्वतः शिकवतात, उरलेला अर्धा ऑफिसात. आवाराच्या भिंतीला लागून चर्च आणि दर बुधवारी सकाळच्या प्रार्थनेला तिथले व्हिकर येतात.

मुलीला इथे घातलं तेव्हा साताऱ्याहून आईचा फोन आला. "अरे, चर्चच्या शाळेत? उद्या पोर येशूची गाणी म्हणायला लागली तर?" लागलीच ती, पहिल्याच नाताळात. नाटकात मेंढी झाली होती.

इथे जरा इतिहास सांगतो, कारण मलाही तो ठाऊक नव्हता. चर्चच्या नॅशनल सोसायटीची स्थापना १८११ ची. गावोगाव शाळा काढायच्या हाच तिचा उद्देश. सरकारने प्राथमिक शाळांचा कायदा केला तो १८७० साली. म्हणजे कित्येक गावांत चर्चची शाळा आधी आली आणि सरकार मागून. पुढे १९४४ च्या कायद्याने या शाळा दोन प्रकारांत विभागल्या. आमची 'कंट्रोल्ड' प्रकारातली. पगार सरकारी पैशातून, प्रवेश कौन्सिल देते, अभ्यासक्रम राष्ट्रीय. आमचा धर्म कुणी विचारला नाही. प्रार्थनेला मुलाला बसवायचं नसेल तर तसं कळवायचा पालकांना हक्क आहे. आम्ही तो वापरला नाही. आणि आपण मराठी माणसांनी मिशनच्या शाळेला नाक मुरडावं तरी कसं? जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि अहमदनगरची मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहूनच त्यांनी प्रेरणा घेतली.

आईचा दुसरा प्रश्न जास्त खरा होता. "एका खोलीत दोन-तीन इयत्ता? मग बाई शिकवते कधी?"

त्याचं उत्तर वडिलांनीच दिलं. ते एकशिक्षकी शाळेत शिकलेले. "चौथीची पोरं पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची. गुरुजी तोवर तिसरीचं गणित घ्यायचे." इथेही तत्त्व तेच, फक्त कागदावर व्यवस्थित मांडलेलं. इतिहास आणि विज्ञान दोन वर्षांच्या चक्राने शिकवतात. यंदा तिसरी-चौथी मिळून रोमन लोक, पुढच्या वर्षी दुसरं काही, म्हणजे कुणालाच तेच ते दोनदा शिकावं लागत नाही. गणित मात्र इयत्तेप्रमाणे. आमची तिसरीत असताना बेरजा-वजाबाक्या पटापट करायची, तर बाईंनी तिला सरळ चौथीच्या टेबलावर बसवलं. परवानगी नाही, परीक्षा नाही, उठून चार पावलं पलीकडे! मोठ्या शाळेत हे इतक्या सहज झालं असतं का, मला शंका आहे. चौथीच्या शेवटी सगळ्या देशात पाढ्यांची परीक्षा असते. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, बारापर्यंतचे पाढे. वडील हसले. म्हणाले, "बाराच? आम्ही तीसपर्यंत म्हणायचो, वर पावकी-निमकी."

आता निकाल. आपण लोक घर घेतानासुद्धा आधी शाळेचे आकडे बघतो, मीही बघितले. पण सहावीत आठच मुलं असतील तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. एकाला परीक्षेच्या आठवड्यात ताप आला की शाळा 'घसरली'. ऑफिसात असला डेटा कुणी माझ्यासमोर ठेवला तर मी परत पाठवीन. ऑफस्टेडचा एका शब्दाचा शेराही २०२४ च्या सप्टेंबरपासून बंद झाला.

म्हणजे सगळं छान आहे का? नाही. तेच सांगायला उभा आहे.

तिसरीत तिच्या वयाच्या मुली दोनच, ती आणि आणखी एक. दोघींचं बिनसलं. मोठ्या शाळेत पोर दुसऱ्या घोळक्यात गेली असती. इथे दुसरा घोळकाच नाही. सहा आठवडे रोज सकाळी पोटात दुखायचं. बायको म्हणाली, "गणित खड्ड्यात गेलं, हिला आधी मैत्रीण हवी." आम्ही शहरातल्या एका मोठ्या शाळेत अर्ज केला, जागा मिळालीही. मुख्याध्यापिकांना सांगायला गेलो तेव्हा मला वाटलं, त्या अडवतील. पैसे दरडोई मिळतात, ऑक्टोबरच्या पटसंख्येवर पुढच्या वर्षीचं बजेट ठरतं. एक मूल गेलं की भोक पडतं. पण त्या म्हणाल्या, गणिताचं मी बघू शकते, मैत्रीण मी कुठून आणू? तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त मला दोन आठवडे द्या.

त्या दोन आठवड्यांत त्यांनी हिला रोज जेवणानंतर रिसेप्शनच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला बसवलं. चार वर्षांची पाच पोरं हिच्या मागे "मिस, मिस" करत फिरायला लागली. चौथीतली एक शेतकऱ्याची मुलगीही वाचायला येऊ लागली. तिच्याकडे कोकरं आहेत. पोटदुखी थांबली. आम्ही शहरातली जागा सोडली. मनात धाकधूक होती, अजूनही आहे.

आता धाकट्याची पाळी. पुढच्या सप्टेंबरसाठी फॉर्म भरायची शेवटची तारीख १५ जानेवारी. गावात त्याच्या वयाचा दुसरा मुलगा नाही, चार मुली आहेत. बायको म्हणते, शहरातली शाळा पहिल्या रकान्यात लिहू. मी म्हणतो, गावची. लेक म्हणते, "त्याला मी वाचून दाखवीन, पण त्याने मला मिस म्हणायचं." वाद चालू आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलं अशा शाळेतून पुढे मोठ्या शाळेत गेली असतील, तर चहाच्या वेळी मला जरूर गाठा. चकली खात बोलू.