पंखाखालचा पांढरा रंग



रेडिओवरून फोटोविषयी बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. हातात दाखवायला काही नाही, आणि वर्णन करू लागलो की ऐकणारा म्हणणार, ‘अहो, दाखवा की!’ तरीही बोलायला बसलोय. कारण मला ज्या फोटोंविषयी सांगायचंय, ते दाखवले तरी तुम्ही ‘वा!’ म्हणाल अशी शक्यता कमीच. पक्षी लहानसा, कोपऱ्यात, कडा धूसर. पक्षिनिरीक्षक अशा फोटोला ‘रेकॉर्ड शॉट’, म्हणजे नोंदीपुरता फोटो, म्हणतात, आणि म्हणताना थोडे ओशाळतात. ओशाळायचं काही कारण नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

दिवाळी उरकली, भातकापणी संपत आली, की घाटमाथ्यावरची पठारं पिवळी पडतात. लोणावळ्याच्या आसपास नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अशा पठारावर विजेच्या तारेकडे नजर टाकली, तर एखाद्या वर्षी पारव्याहून थोडा लहान, करड्या रंगाचा एक शिकारी पक्षी बसलेला दिसतो. येणारे-जाणारे त्याला खरुची समजतात आणि पुढे जातात. खरुची हिवाळ्यात आपल्याकडे नेहमीचीच. पण खरुचीचे पाय पिवळे, आणि याचे लालसर नारिंगी. नराच्या मांड्या विटकरी. हा अमूर ससाणा. रशिया आणि चीनच्या सीमेवरून अमूर नदी वाहते, त्या मुलखात जन्मलेला, आणि थंडीसाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघालेला. आपल्या पठारावर त्याचा मुक्काम थोड्या दिवसांचा, कधी एका सकाळपुरताच. वजन म्हणाल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्या जिवाला पुढे अरबी समुद्र ओलांडायचा असतो, सुमारे तीन हजार किलोमीटर, मध्ये टेकायला जागा नाही. पाठीशी ईशान्येचा वारा असतो, ही त्याची सोय.

आता फोटो. तारेवर बसलेल्या ससाण्याचा फोटो कुणालाही मिळतो, फक्त गाडीतून उतरायचं नाही. उभा माणूस दिसला की पक्षी उडतो. गाडीला तो फारसा भीत नाही. काच खाली घ्यायची, दारावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवायची, तिच्यावर लेन्स टेकवायची आणि इंजिन बंद करायचं, नाहीतर सगळी फ्रेम थरथरते. सूर्य आपल्या पाठीशी हवा. हे सगळं जमलं की छान चित्र मिळतं, ते घरी लावा.

पण ओळख पटवायला ते पुरेलच असं नाही. याचा एक चुलतभाऊ, लाल पायांचा ससाणा, फार क्वचित भारतात भरकटतो. बसलेले दोन्ही नर जवळजवळ सारखे. फरक कळतो पंख उचलल्यावर. अमूर ससाण्याच्या नराच्या पंखाखाली पुढचा भाग पांढराशुभ्र असतो आणि मागची पिसं काळसर. दुसऱ्याचा पंख खालूनही गडदच. म्हणजे हवा असलेला फोटो उडत्या पक्ष्याचा, तोही खालून, आणि पाठीमागे लखलखतं आभाळ. कॅमेरा इथे हटकून फसतो. त्याला वाटतं उजेड फार आहे, तो चित्र काळं करतो, आणि पक्ष्याची नुसती सावली उरते. म्हणून एक्स्पोजर स्वतःच्या हातानं एक-दीड स्टॉप वाढवायचं. आभाळ पांढरंफटक पडेल, पडू द्या. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवायचं. हा पक्षी चतुर किंवा नाकतोडा पंजात पकडतो आणि उडता उडताच मान खाली घालून खातो. तेवढा वेळ त्याची चाल जरा सरळ असते. तीच संधी.

एवढा खटाटोप पुराव्यासाठी कशाला, असं कुणी विचारेल. पूर्वी पुरावा म्हणजे बंदूक. नवा पक्षी दिसला, पाडला, कातडं काढून कापूस भरला, पायाला चिठ्ठी बांधली, की काम झालं. सालिम अली यांच्या पिढीनंही बंदूक वापरली. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पण मेलेल्या पक्ष्याच्या चिठ्ठीवर खोटं लिहिता येतं. आपल्या खानदेशातल्या रानपिंगळ्याची गोष्ट तीच आहे.

पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 साली या पिंगळ्याचं वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे मोजकेच नमुने. बहुतेक जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात 1880 च्या दशकात जमवलेले. त्यानंतर पक्षी कुणाला दिसलाच नाही. फक्त एक नमुना 1914 चा, गुजरातेतला, कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या नावावर. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा कळलं की तो डेव्हिडसन यांचाच जुना पक्षी. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला. म्हणजे गुजरातेतली ती जागा निव्वळ बनावट. ती बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या गावांकडे वळले, आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा त्यांच्यापुढे झाडावर बसला होता. 113 वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. या वेळी बंदूक चालली नाही. फोटो निघाले, चित्रीकरण झालं, आणि जगानं ते मानलं.

अमूर ससाण्याच्या बाबतीत कॅमेऱ्यानं याहून मोठं काम केलं. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात डोयांग जलाशय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे हे ससाणे लाखांनी उतरतात, वाळवीच्या उडत्या कीटकांवर ताव मारून पुढच्या प्रवासाची चरबी साठवतात. 2012 साली तिथे मासे धरायच्या जाळ्यांत ते हजारांनी पकडले जात होते. बानो हरालू, शशांक दळवी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते चित्रित करून जगापुढे ठेवलं. ती चित्रं बघवत नाहीत. पण पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, पांगती आणि शेजारच्या गावांनी शिकार थांबवली. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली गेली. त्यांची नावं नागा, पांगती आणि वोखा. ज्या गावात जाळी लागली होती त्याच गावाचं नाव घेऊन एक पक्षी भारत ओलांडून आफ्रिकेला गेला.

म्हणून अलीकडची एक सवय मला खटकते. फोटो धूसर आला की संगणकाला सांगायचं, स्पष्ट कर. तो करतोही. पण जिथे माहिती नसते तिथे तो पिसं स्वतःच रचतो. छातीवर रेघा नव्हत्या तिथे रेघा येतात, आणि अमूर ससाण्याच्या मादीची ओळख त्या रेघांवरही ठरते. भिंतीवर लावायच्या चित्राला खुशाल सजवा. नोंदीसोबत जाणारी मूळ फाइल मात्र जशी निघाली तशी ठेवा. नाहीतर कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीत आणि तुमच्या फोटोत फरक तो काय?

आणखी एक. अशा पाहुण्याची बातमी फुटली की रविवारी पठारावर गाड्यांची रांग लागते. एकानं पुढे घेतली की दुसरा आणखी पुढे. पक्षी या तारेवरून त्या तारेवर, दिवसभर. समुद्रासाठी साठवलेली चरबी आपण त्याला इथेच जाळायला लावतो. दोन-चार फोटो मिळाले की मागे फिरावं. आणि नेमकी जागा तो निघून गेल्यावर सांगितली तरी चालते, नोंदीचं काही बिघडत नाही.

कॅमेऱ्याचं घड्याळ तेवढं बरोबर लावून ठेवा. पुष्कळांच्या कॅमेऱ्यात अजून मागच्या परदेशवारीची वेळ चालू असते, आणि मग सकाळी टिपलेला ससाणा नोंदीत मध्यरात्री उडतो. कॅमेराच नसेल, तर दुर्बिणीच्या काचेला मोबाइल लावून बघा, जमतं. तेही नसेल तर वहीत लिहा: तारीख, वेळ, गाव, काय खात होता, पायांचा रंग कोणता, आणि उडताना पंख खालून कसे दिसले.