टिकल्या लावलेलं यंत्र
(गेल्या गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आधुनिक उपकरणे आणि गृहिणी’ असा भारदस्त विषय छापलाय. तो वाचून आमचे ‘हे’ म्हणाले, “घरातली किती उपकरणं तू बिघडवलीस तेवढं सांगितलंस तरी अर्धा तास जाईल.” तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

मी 1982 साली लग्न होऊन सांगलीहून कोइंबतूरला आले. यांची नोकरी पंप आणि मोटारींच्या कारखान्यात. तेव्हा इथे आपली माणसं म्हणजे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडून आलेली घरं आणि यांच्यासारखे चार-दोन नोकरदार. स्वयंपाकघरात माझ्याकडे एक पाटा-वरवंटा, एक पितळी पुरणयंत्र आणि एक वातीचा स्टोव्ह. मागच्या अंगणात घरमालकांचं आट्टुक्कल होतं. इडलीचं पीठ वाटायचा तो मोठा दगड तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेच. पहिल्या दिवशी मी तो फिरवायला बसले आणि दुसऱ्या दिवशी मला हात वर करून वेणी घालता येईना.

1985 साली माहेरहून मिक्सर आला. पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने भाजलेले दाणे घातले, झाकण लावलं आणि बटण फिरवून गप्पा मारत बसले. भांडं उघडलं तर कूट नाही, तेल सुटलेला चिकट गोळा! दाण्याचा कूट थांबून थांबून, दोन-दोन सेकंद फिरवून करायचा असतो, हे त्या गोळ्याने शिकवलं. पुरणाचंही तेच. मिक्सरमधून काढलेलं पुरण खळीसारखं होतं आणि पोळी फाटते. त्यामुळे पुरणयंत्र माझ्याकडे अजून आहे.

इडलीचं पीठही मी मिक्सरमध्ये करून पाहिलं. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, त्यात पीठ तापतं आणि मग हवं तसं फुगत नाही. दगड सावकाश फिरतो, उडीद थंड राहतो, हवा धरतो आणि लोण्यासारखा वर येतो. म्हणून तर या गावाने दगडालाच मोटार जोडली. 2005-06 साली कोइंबतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही. आपल्याकडे कोल्हापुरी गुळाला जो मान, तो इथे ग्राइंडरला!

आमच्याकडे ग्राइंडर आला 1991 साली. आता एक गोष्ट सांगते, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तोवर आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का आठवड्यातून दोनदा आट्टुक्कलवर पीठ वाटून द्यायच्या. त्याचे वेगळे पैसे असत. ग्राइंडर आला आणि पुढच्या महिन्यात मी ते पैसे कापले. हिशोबाला चोख आहे, म्हणून मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. अक्का काही बोलल्या नाहीत.

2011 साली तमिळनाडू सरकारने शिधापत्रिकेवर मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा मोफत द्यायची योजना आणली. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी तेव्हा नाकं मुरडली, मीही मुरडलं. “फुकटचं टिकतं का कधी?” असं मी अक्कांच्या समोरच म्हणाले. त्या भांडी घासता घासता शांतपणे म्हणाल्या, “अम्मा, तुमच्याकडे मशीन आलं तेव्हा माझं काम गेलं, पैसेही गेले. माझ्या घरचं दळण मात्र मी वीस वर्षं हातानंच केलं. हे पहिलं मशीन, जे आल्यावर माझा हात थांबला.”

मंडळी, मला काय बोलावं सुचेना. इतक्या वर्षांत यंत्राने माझे किती तास वाचवले हे मी शंभरदा मोजलं होतं. ते तास कुणाच्या पदरातून आले, हे एकदाही मोजलं नव्हतं. त्या महिन्यापासून मी ते पैसे परत सुरू केले. वीस वर्षं उशिरा.

आता दुसरी गोष्ट, माझ्या सासूबाईंची. सासरे गेल्यावर आई इथे आमच्याजवळ राहायला आल्या. त्यांचा स्वयंपाक कानाने आणि नाकाने चाले. फोडणीतली मोहरी तडतडायची थांबली की हिंग. कुकरची वाफ कशी सुसकारते त्यावरून शिटी किती लांब आहे ते सांगत. कुकरमध्ये दाबामुळे पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते, हे यांनी त्यांना एकदा समजावून सांगितलं. आई म्हणाल्या, “असेल बाबा, पण शिजली की नाही ते वासच सांगतो.”

2012 साल आठवतंय ना? दिवसातून कितीतरी तास वीज नसायची. मिक्सर, ग्राइंडर, मायक्रोवेव्ह, सगळी यंत्रं मुकाट. मी मेणबत्ती शोधत चाचपडत असे आणि आई अंधारात भाकरी थापून मोकळ्या होत. शेजारच्या तमिळ मावशी म्हणायच्या, “तुमच्या घरात एकच मशीन बिनविजेचं आहे!” आई त्यावर खूश.

2016 साली आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो. मुलाने मोठ्या प्रेमाने आईसाठी, म्हणजे माझ्यासाठी, नवं स्वयंपाकघर करून दिलं. ओट्यातच बसवलेली काचेची इंडक्शन शेगडी, सपाट, ना खटका ना बटण, नुसतं बोट टेकवायचं. मायक्रोवेव्हही नवा. मी हरखून गेले. मग नवे धडे सुरू झाले. सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर आत दिवाळी! दाणे भाजायला ठेवले, ते वरून पांढरे आणि आतून कोळसा. इंडक्शनवर माझी पितळेची, तांब्याची, अ‍ॅल्युमिनियमची भांडी चालेनात. या शेगडीत आच नसते. चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीज खेळते आणि बूड तापतं. म्हणून लोखंडी तवा चालतो, पण बाजारातलं सगळंच स्टील चालत नाही. भांडं घेताना पर्समध्ये लोहचुंबक ठेवा. बुडाला चिकटला तर घ्या.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आई स्वयंपाकघरात यायच्या बंद झाल्या होत्या.

त्यांना डोळ्याच्या पडद्याचा आजार जडला होता. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नसे. जुन्या घरात त्याने फारसं अडलं नव्हतं, कारण गॅसचा खटका हाताला लागायचा. इथे काचेवर हाताला काहीच लागत नव्हतं. शिवाय बटण चाचपायला बोट फिरवावं, तर ते फिरवणं म्हणजेच बटण दाबणं! दुपारभर आई हॉलमध्ये बसून राहत. जेवण कमी झालं. मी विचारलं तर म्हणत, “यंत्रं आहेत की तुझ्याकडे, माझं काय काम?” मला वाटलं, वय झालं.

एका पहाटे पाच वाजता टीं-टीं आवाजाने मला जाग आली. जाऊन बघते तर आई ओट्याशी उभ्या. त्यांचं ते जुनं अ‍ॅल्युमिनियमचं चहाचं पातेलं काचेवर, साखर सांडलेली, आणि शेगडी ‘हे भांडं चालणार नाही’ असं आपल्या भाषेत ओरडत होती. मला पाहून त्या म्हणाल्या, “काही नाही गं, पाणी प्यायला आले होते.” साठ वर्षं घराला खाऊ घालणारी बाई घोटभर चहासाठी माझ्याशी खोटं बोलली. मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले.

सकाळी मी हे अक्कांना सांगितलं. त्यांनी मला मायक्रोवेव्हपाशी नेलं आणि एका बटणावर बोट ठेवलं. त्यावर एक बारीक लाल टिकली होती. मला कधी दिसलीच नव्हती! अक्कांना इंग्रजी वाचता येत नाही. मी “अर्धा मिनिट गरम कर” म्हणायचे, तेव्हा कोणतं बटण ते कळावं म्हणून त्यांनी आपली टिकली तिथे चिकटवली होती. म्हणाल्या, “पाटीम्मांना पण लावून देऊ.”

काचेच्या शेगडीवर हा उपाय चालला नाही, कारण चाचपलं की ती चालू होई. म्हणून आम्ही वेगळी, सुटी, एका चुलीची इंडक्शन शेगडी आणली, दाबायच्या बटणांची. चालू-बंदला एक टिकली, आच कमी करायला दोन, वाढवायला तीन. टिकल्या मखमली आणि जाड, बोटाला लागतील अशा. बाजूला चुंबक चिकटणारं एक छोटं पातेलं आणि एक कढई, ती फक्त आईंची. पहिल्यांदा टिकल्यांवरून बोट फिरवताना आई हसल्या आणि म्हणाल्या, “हे गेल्यापासून टिकलीला हात लावला नव्हता बघ.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मला चहाच्या वासाने जाग आली. आईंनी मलाही कप भरून ठेवला होता, नेहमीसारखा आलं जास्त झालेला. त्यानंतर पाच गणपतींची उकड आईंनी काढली. पाणी उकळल्याचा आवाज आला की पिठी, मग झाकण, मग वाफ. मळायला मी आणि कळ्या पाडायला अक्का. एकवीस मोदकांत तिघींचे हात. 2021 साली आई गेल्या. ती शेगडी मी ठेवली आहे. टिकल्या निघाल्या की अक्काच नव्या लावतात.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. आट्टुक्कल फिरवून खांदे भरून आलेल्या बाईने तसं बोलणं शोभणारही नाही. पण नवं काही घेताना दुकानदाराला वॅट आणि वॉरंटी विचाराल, तेव्हा स्वतःलाही दोन प्रश्न विचारा. याने कुणाचे हात मोकळे होणार? आणि याने कुणाचे हात रिकामे होणार? हात मोकळे होणं वेगळं, रिकामे होणं वेगळं.

जाता जाता मंडळाला एक विनंती. यंदा महाप्रसादासाठी कणीक मळायचं मोठं यंत्र घेतलंय, फार चांगलं केलंत. तरुण मुलांच्या पाठी वाचतील. पण इतकी वर्षं त्या परातीभोवती बसणाऱ्या आपल्या आज्या, मावश्या, काकू या वेळी मागच्या रांगेत खुर्च्यांवर बसल्यात. त्यांना दिसत नसेल, ऐकू येत नसेल, गुडघे दुखत असतील, तरी हाताला पारीची जाडी बरोबर कळते. पुढच्या वर्षी यंत्राशेजारी त्यांच्यासाठी चार उंच खुर्च्या आणि एक टेबल ठेवा. टिकल्यांचं पाकीट मी आणेन.

 गणपती बाप्पा मोरया!