जुन्या सार्वजनिक वास्तूंचा निर्णय
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



तालुक्याच्या कोणत्याही गावी गेले तरी चार-दोन जुन्या सार्वजनिक वास्तू हटकून दृष्टीस पडतात. दगडी शाळा, नगरवाचनालय, मंडई, धर्मशाळा, क्वचित एखादे नाट्यगृह. कोणी त्या लोकवर्गणीतून उभारल्या, कोणी संस्थानिकांच्या औदार्यातून, तर काही सरकारी खर्चाने झाल्या. आज त्यांपैकी कित्येकींच्या भिंतींत पिंपळ रुजला आहे, पन्हळी फुटल्या आहेत आणि दाराला कुलूप आहे. त्यांचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न निघाला की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, पूर्वजांची पुण्याई आहे, दगडालाही हात लावू नका. दुसरा म्हणतो, पडके घर ते, पाडा आणि तेथे व्यापारी गाळे बांधा.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोन्ही पक्ष घाई करतात, असे माझे मत आहे. अशा वास्तूविषयी तीन प्रश्न विचारावेत, आणि ते ठरावीक क्रमानेच विचारावेत. ती सुरक्षित आहे काय? ती उपयोगी पडू शकेल काय? तिच्याशी गावाची कोणती स्मृती निगडित आहे? हा क्रम उलटा केला म्हणजे अनर्थ ओढवतो.

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सकाळी शाळेची इमारत पडली आणि सात मुले प्राणांस मुकली. दोन्ही घटना पावसाळ्यातील आहेत, हे ध्यानात ठेवावे. मुलांच्या जिवापुढे कोणत्याही वास्तूचा इतिहास मोठा ठरत नाही. जी इमारत अभियंत्याने धोकादायक ठरविली, तिच्यात एक दिवसही वर्ग भरवू नये. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होण्यास महिने लागतात. तोवर देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात शाळा भरवावी. मंजुरी येईपर्यंत पाऊस थांबत नाही.

परंतु ‘धोकादायक’ हा शब्द कोणी उच्चारावयाचा? तो अभियंत्याने, तपासणी करून, लेखी उच्चारला पाहिजे. जागा मोक्याची असली की इमारतीची डागडुजी वर्षानुवर्षे होत नाही, आणि मग तिच्या जीर्णतेचेच कारण पुढे करून ती पाडली जाते. म्हणून अहवालात केवळ ‘मोडकळीस आली’ एवढे वाक्य पुरे मानू नये. पाया खचला की तुळया कुजल्या, छत गेले की भिंती गेल्या, दुरुस्तीस खर्च किती आणि नव्या बांधकामास किती, हे स्वतंत्रपणे मागावे. पुष्कळदा छत निकामी झालेले असते आणि भिंती मात्र आणखी दोन पिढ्या उभ्या राहण्याजोग्या असतात.

दुसरा प्रश्न उपयोगाचा. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. पुढे अनेक वर्षे तेथे नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या. राजा गेला, पाठशाळा गेली, कचेऱ्याही हलल्या; वाडा उभा आहे. त्याला दर पिढीने काही ना काही काम दिले, हे त्याच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण होय. ज्या घरात माणसांचा वावर असतो तेथे गळती लागल्याचे दुसऱ्या दिवशी कळते. कुलूपबंद घरातील गळती तुळई मोडल्यावरच कळते. तेव्हा जुन्या दवाखान्यात रुग्ण ठेवणे शक्य नसेल, तर तेथे वाचनालय किंवा अभ्यासिका चालेल काय, हे पाहावे.

तिसरा प्रश्न स्मृतीचा, आणि येथे आपणा प्राथमिक शिक्षकांच्या हृदयाशी असलेले उदाहरण आहे. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. ते राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी दीर्घकाळ होत राहिली. तथापि वास्तू खाजगी मालकीची, खाली दुकाने, आणि प्रकरण न्यायालयात. दरम्यान वाडा खचत गेला. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाल लागून जागा महापालिकेस मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि डिसेंबरात वाडा पाडण्यात आला, कारण नवे स्मारक उभारण्यास जागाच काय ती उरली होती. नवे स्मारक होणे योग्यच आहे. पण ज्या भिंतींनी त्या मुलींचा पहिला पाठ ऐकला, त्या भिंती आपल्या विद्यार्थ्यांना आता दाखविता येणार नाहीत. मालक, भाडेकरू आणि न्यायालय यांचे वाद मिटेपर्यंत वाडा खचत राहिला. आपण निर्णय लांबणीवर टाकतो तेव्हा तो पाऊस आणि वाळवी घेतात.

कधी कधी सर्वांना प्रिय असलेली वास्तूही एका रात्रीत जाते. कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली पूर्ण झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ते पूर्वीच्याच रूपात उभारावे असा लोकांचा आग्रह होता. आता विचार करा: आपल्या गावचे वाचनालय उद्या जळाले, तर त्याचे पूर्वीचे रूप कोणास ठाऊक आहे? खांबांची उंची, दारांची मापे, छताची घडण कोठे लिहून ठेवली आहे? नोंद नसली तर ‘पूर्ववत’ या शब्दास काही अर्थ उरत नाही.

येथे शिक्षकांचे काम सुरू होते. निर्णय नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद घेईल. पण त्या निर्णयाला आधार लागतो तो नोंदींचा, आणि नोंद ठेवणे हे तर आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

मुख्याध्यापकांनी इमारतीची एक साधी वही ठेवावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा पाहणी करावी. भिंतीच्या भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. पुढील वेळी भेग खुणेपलीकडे गेली असेल, तर ती वाढते आहे हे निर्विवाद सिद्ध होते. कौले, पन्हळी, तुळयांची भिंतीत शिरलेली टोके आणि विजेच्या तारा पाहाव्यात. भेग वाढताना दिसली तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि बांधकाम विभागाकडे लेखी कळवावे, व पत्राची पोच जपून ठेवावी.

आणखी एक सूचना. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह आवरावा. आतील ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाही. ती आतल्या आत चुना सैल करते आणि लाकूड कुजविते. भिंत वरून नवी दिसते आणि आतून पोखरली जाते.

वरच्या वर्गातील मुलांना भूमितीच्या तासाला सुस्थितीत असलेल्या जुन्या वास्तूची मापे घेऊन आराखडा काढावयास सांगावे. तेथे कोण शिकले, कोणी वर्गणी दिली, हे गावातील वृद्धांना विचारून लिहून घ्यावे. उद्या ती वास्तू राहो अथवा जावो, तो आराखडा आणि ती हकीकत शाळेच्या कपाटात राहील.

बंधुभगिनींनो, पूर्वजांनी जे बांधले त्यातील सर्वच राखणे आपल्या शक्तीबाहेरचे आहे, आणि सर्वच राखणे योग्यही नाही. जे राखावयाचे ते जिवंत कामासाठी राखावे. जे पाडावयाचे ते नीट पाहून, मोजून आणि सर्वांना सांगून पाडावे. यंदाचा पावसाळा येण्यापूर्वी प्रत्येक शाळेत त्या वहीचे पहिले पान लिहिले जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.