अंगुलिमालासाठी दार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्षावासात आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. त्यात अंगुलिमाल येतो. तथागतांनी त्या दरोडेखोराला संघात घेतले. पण भिक्षेला गेला, तेव्हा श्रावस्तीत त्याच्यावर दगड पडले, असे पाली सुत्त सांगते.

आज दगडाच्या जागी नोकरीच्या फॉर्ममधला रकाना आहे : ‘आपल्यावर गुन्हा दाखल झाला होता काय?’ मोर्चात किंवा भांडणात नाव आलेली आपली पोरं घाबरून ‘नाही’ लिहितात आणि पोलीस पडताळणीत अडकतात.

पोरांनो, असं करू नका. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माहिती खरीच द्यावी. पण तरुणपणी घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला गेला, तर तो चुकीकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. खरे सांगितल्याने नोकरी मिळेलच असे नाही. खोटे सांगितले तर मिळालेलीही जाऊ शकते. म्हणून निकालाची नक्कल जपून ठेवा. अठरा वर्षांखाली घडलेल्या गुन्ह्यामुळे, काही गंभीर अपवाद सोडता, अपात्रता येत नाही, असे २०१५ चा बालन्याय कायदा म्हणतो.

खासगी मालकाला बांधणारा असा सर्वसाधारण कायदा मात्र आपल्याकडे नाही. मग आपल्यातले दुकानदार, ठेकेदार काय करणार? शिक्षा भोगून आलेल्या शेजारच्या पोराला आधी आपणच कामावर घेऊ या. दगड खाली ठेवू या.

नमो बुद्धाय! जयभीम!